व्याज कमी म्हणजे पैसा स्वस्त? परकीय मदत आणि खासगी भांडवल यांविषयी एका प्रश्नाचे उत्तर

डोंबिवलीहून रोज वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला येणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बुलेट ट्रेन आणि भुयारी मेट्रो यांसाठी जपान नाममात्र व्याजाने कर्ज देतो, आणि दुसरीकडे शेअर बाजारातले परदेशी गुंतवणूकदार एकेका महिन्यात हजारो कोटी रुपये काढून नेतात. असे असताना आपण सगळी मोठी कामे जपानसारख्या स्वस्त कर्जावरच का करत नाही, आणि खासगी परदेशी पैशाच्या मागे का धावतो? त्याला जोडून त्यांनी उलट बाजूही विचारली आहे: श्रीमंत देश मदत आखडती घेत असतील, तर गरीब देशांनी सरळ बाजारातून पैसे का उचलू नयेत? आणि शेवटी अगदी घरचा प्रश्न: आमच्या महापालिकेच्या पाणीयोजनेसाठी परदेशी कर्ज घेण्याची चर्चा आहे, ते घ्यावे का?

मी सत्तावीस वर्षे प्रकल्पांना कर्ज देण्याच्या खात्यात काढली, आधी नरिमन पॉइंटला आणि नंतर बीकेसीत. त्या अनुभवावरून मला वाटते की हे चारही प्रश्न एकाच गाठीचे आहेत. व्याजदर डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्यावरून पैसा स्वस्त की महाग ते ठरवतो. पण काम रखडले, रुपया घसरला किंवा अपेक्षित उत्पन्न आले नाही, तर तो तोटा करारानुसार कोणाच्या पदरात पडतो, हे व्याजदरात लिहिलेले नसते. ते कराराच्या मागच्या पानांवर असते. कोणता पैसा चांगला याचे सरसकट उत्तर मी देणार नाही, कारण ते काम काय आहे, त्याची कमाई कोणत्या चलनात आणि किती वर्षांनी होणार आहे, आणि घेणाऱ्याच्या तिजोरीत धक्का सोसण्याची ताकद किती आहे, यावर अवलंबून असते.

आधी शब्दांची उस्तवार करू. परदेशी पैसा एका जातीचा नसतो. परत न करायचे अनुदान असते, सवलतीचे सरकारी कर्ज असते, कंपनीने स्वतः कारखाना उभारून केलेली थेट गुंतवणूक असते, शेअर-रोख्यांत आलेला पैसा असतो, कंपन्यांनी परदेशी बँकांकडून घेतलेले व्यापारी कर्ज असते आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी असतात. शिवाय परदेशात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा असतो, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. मुंबईच्या मनीऑर्डरींवर कोकणातली कित्येक घरे उभी राहिली, हे आपल्याला सांगावे लागत नाही. देशाच्या पातळीवर तेच चित्र आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये भारतात असे सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. थेट परकीय गुंतवणुकीचे हिशेब वेगळे दिसतात: २०२४-२५ मध्ये एकूण आवक सुमारे ८१ अब्ज डॉलर होती, पण परदेशी कंपन्यांनी परत नेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेला पैसा वजा केल्यावर उरले एक अब्ज डॉलरहूनही कमी. बातम्यांत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत येतो, दुसरा बहुधा येतच नाही.

आता व्याजाकडे. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटर मार्गासाठी जपानने खर्चाच्या ८१ टक्के रकमेपर्यंत कर्ज देऊ केले, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही. हे ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण कर्ज येनमध्ये आहे आणि तिकिटाचे पैसे रुपयांत येणार आहेत. रुपया येनच्या तुलनेत दरवर्षी ३ टक्क्यांनी घसरत राहिला असे धरले, तर पन्नासाव्या वर्षीच्या हप्त्यातला एक येन आजच्या चौपटीहून अधिक रुपयांना पडेल, आणि कर्जाचा खरा दर ०.१ नव्हे तर तीन टक्क्यांच्या थोडा पुढे जाईल. केंद्र सरकारला स्वतःचे दीर्घ मुदतीचे रोखे अलीकडे सात टक्क्यांच्या आसपास पडतात, म्हणजे कर्ज तरीही स्वस्तच ठरते. फक्त फुकट ठरत नाही. हा फरक मुद्दाम लिहितो, कारण या कर्जावर टीका करणारे आणि त्याचा जयजयकार करणारे दोघेही तो वगळतात.

येन कसा वागेल हे कोणी सांगू शकत नाही. १९९० मध्ये शंभर येनला सरासरी बारा रुपये पडत. १९९५ मध्ये तेच शंभर येन चौतीस-पस्तीस रुपयांवर गेले, कारण इकडे १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिकडे येन जोरात वधारला. त्या पाच वर्षांत ज्याच्या डोक्यावर येनचे कर्ज होते, त्याच्या हप्त्याचा रुपयांतला बोजा जवळजवळ तिप्पट झाला. उलट २०१२ मध्ये शंभर येनला सदुसष्टच्या आसपास रुपये पडत आणि २०२४ मध्ये पंचावन्नच्या आसपास, म्हणजे या बारा वर्षांत येनचा कर्जदार नशीबवान ठरला. ज्याने २०१२ मध्ये कर्ज घेतले तो शहाणा आणि १९९० मध्ये घेतले तो मूर्ख, असे म्हणण्यात अर्थ नाही. दोघांनीही नशिबाची तीच चिठ्ठी उचलली होती.

ही चिठ्ठी कोण उचलते, हाही प्रश्न आहे. पूर्वी परकीय कर्ज केंद्र सरकार घेत असे आणि राज्यांना रुपयांत पुढे देत असे, त्यामुळे चलनाचा भार दिल्लीकडे राहत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २००५ पासून विशेष दर्जा नसलेल्या सर्वसाधारण राज्यांना हे कर्ज ज्या अटींवर मिळते त्याच अटींवर पुढे दिले जाऊ लागले. व्याज कमी तर फायदा राज्याचा, आणि येन किंवा डॉलर वधारला तर फटकाही राज्याचाच. अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या भल्याभल्यांना ही तरतूद ठाऊक नसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

याचे छोटे रूप मी माझ्याच टेबलावर पाहिले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ २०१० च्या ऑगस्टमध्ये यंत्रसामग्रीसाठी पन्नास लाख डॉलरचे परदेशी कर्ज घ्यायला निघाले. रुपयांत कर्ज साडेअकरा टक्क्यांनी मिळत होते आणि डॉलरमध्ये सगळे धरून चार टक्क्यांनी. डॉलर साडेसेहेचाळीस रुपयांना होता, म्हणजे कर्ज झाले सव्वातेवीस कोटींचे, आणि वर्षाला पावणेदोन कोटी व्याज वाचणार होते. मुद्दल तीन वर्षांनी एकरकमी फेडायचे होते. मी फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवण्याची सोय, घ्यायला सुचवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, साडेसात टक्के वाचतात, त्यातले पाच टक्के तुमचे कव्हरच खाणार असेल तर डॉलरचा उपद्व्याप करायचा कशाला?" प्रश्न बिनतोड होता, फक्त त्याचे उत्तर त्यांनी उलटे काढले. कव्हर महाग असते ते बँक लबाड असते म्हणून नव्हे. दोन चलनांच्या व्याजातला फरक हाच ढोबळमानाने कव्हरचा भाव असतो. बाजार सांगत होता की या बचतीचा मोठा भाग तुमची बचत नसून, जोखीम अंगावर घेण्याचे तुम्हाला मिळणारे भाडे आहे.

त्यांचा माल संपूर्ण देशातच विकला जाई. त्यांच्याकडे लाल बांधणीची एक वही होती, तिच्यात दर महिन्याला 'वाचलेले व्याज' असा रकाना भरलेला असे, आणि भेटीला आले की ती वही ते अभिमानाने माझ्यासमोर ठेवत. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचे सूतोवाच केले, आणि पंचावन्नच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्याही वर जाऊन आला. परतफेडीची तारीख त्याच दिवसांतली. सदुसष्टच्या भावाने मुद्दल झाले साडेतेहतीस कोटी, म्हणजे मूळ रकमेपेक्षा सव्वादहा कोटी जास्त. वहीतल्या तीन वर्षांच्या रकान्याची बेरीज सव्वापाच कोटींच्या आत होती. उरलेल्या पाच कोटींसाठी त्यांनी बदलापूरची जागा विकली. माझ्या मंजुरीच्या टिपणात या विषयावर एकच ओळ होती, 'कर्जदारास चलनजोखमीची कल्पना आहे'. ती ओळ खोटी नव्हती. पण त्यांना असलेली कल्पना आणि त्यांच्या ताळेबंदाची सोसण्याची ताकद यांतले अंतर मी मोजले नव्हते, आणि ते मोजणे हेच माझे काम होते.

मदतीच्या कर्जाला आणखी दोन किंमती असतात. एक खरेदीची. जपानच्या काही कर्जांत मुख्य कंत्राटदार जपानी असावा आणि मालाचा ठरावीक हिस्सा जपानमधून यावा अशी अट असते; जेएनपीटी बंदरापासून निघणाऱ्या पश्चिम मालवाहतूक मार्गाचे कर्ज या प्रकारचे होते. स्पर्धा आक्रसली की निविदेचा आकडा वाढतो, आणि व्याजात वाचलेला पैसा यंत्राच्या किमतीत निघून जाऊ शकतो. किती जातो ते प्रत्येक निविदेवर अवलंबून असते, त्यामुळे सरसकट टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी किंमत वेळेची. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोचा मूळ अंदाज २३ हजार १३६ कोटींचा होता, तो पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला; आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये. विलंबाचा दोष कर्ज देणाऱ्याचा नाही, जमीन, झाडे, न्यायालये आणि कारशेड यांचा तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण वाढीव खर्चाचे ओझे घेणाऱ्यावरच राहते. धनको आपला हप्ता ठरल्या दिवशी मागतो.

मग ही कर्जे घ्यायचीच कशाला? कारण काही कामे अशी असतात की त्यांना दुसरा कोणी पैसा देत नाही, आणि मुंबई अशा कामांवर उभी आहे. १९७३ साली मुंबईच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेकडून, म्हणजे आयडीएकडून, कर्ज मिळाले. भातसाचे पाणी शहरात आणण्याच्या कामाला त्या मालिकेतून हातभार लागला. त्या काळातल्या आयडीएच्या कर्जाला व्याज नसे, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क असे, मुदत ५० वर्षे आणि पहिली दहा वर्षे परतफेड नाही. कोणती खासगी बँक जमिनीखाली गाडलेल्या नळासाठी पन्नास वर्षे थांबली असती? पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली, तिच्यातून किती भांडवल जन्माला आले याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. त्याआधी १९५५ मध्ये याच शहरात आयसीआयसीआय स्थापन झाली, तेव्हा तिला जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि अमेरिकी मदतीतून जमा झालेल्या रुपयांतले साडेसात कोटी सरकारने बिनव्याजी दिले. उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी खासगी संस्था तेव्हा नव्हती. ती मदतीच्या पैशातून घडवली गेली. मदत आणि खासगी भांडवल एकमेकांचे वैरी आहेत असे मानणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

मदतीबरोबर नियम येतात, आणि ते नेहमीच जाच नसतात. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये ५४ कोटी डॉलरहून अधिक कर्ज मंजूर केले. रुळांलगतच्या आणि रस्त्यांतल्या झोपड्या हलवायच्या होत्या, आणि त्यात सुमारे एक लाख माणसे विस्थापित होणार होती. बँकेच्या अटींमुळे बांधकामाआधी पुनर्वसन, प्रत्येक पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर, अशी व्यवस्था ठरली. ती नीट पाळली गेली नाही. सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यांवरच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या कामाचा पैसा काही महिने थांबवला. कुर्ल्याच्या दुकानदाराच्या अर्जावरून वॉशिंग्टनमधून पैसा थांबतो, ही सोय बाजारातल्या रोखेधारकाकडे नसते. त्याला हप्ता वेळेवर मिळतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

खासगी भांडवलाची बाजू पाहू. त्याचे खरे मोल त्याच्या पैशात नसून, त्याने स्वतः तोटा सोसण्यात आहे. ज्याचा पैसा बुडणार असतो तो मागणीचा अंदाज फुगवत नाही आणि ठेकेदाराच्या मागे लागतो. तोटा सोसण्याची अट करारातून काढली, की खासगी भांडवलात उरतो फक्त चढा दर. गुहागर तालुक्यातला एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प म्हणजे याचा धडा. विजेचा खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, आणि त्याआधीच त्या वर्षी जागतिक बँकेने, एवढी महाग वीज राज्याला परवडणारी नाही, असे सांगून या प्रकल्पाला पैसा देण्यास नकार दिला होता. तरीही तो पुढे गेला, कारण भांडवल खासगी असले तरी जोखीम सरकारी होती: वीज घ्या किंवा न घ्या, वीज मंडळाने पैसे द्यायचे, दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला, मंडळाच्या मागे राज्याची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी राज्याच्या मागे केंद्राची प्रतिहमी. परदेशी कर्जाच्या काही भागाची हमीसुद्धा मुंबईतल्याच वित्तसंस्थांनी दिली होती. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये नव्याने केला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये सगळे बंद पडले. या कराराचा फेरआढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला तोवर मंडळाच्या हिशेबाची अवस्था सर्वांना दिसत होती. ती फाईल माझ्या टेबलावरची नव्हती. मी तेव्हा कनिष्ठ होतो. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर वरिष्ठांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येई: 'नफा त्यांचा, हमी आपली'.

येथवरचे थोडक्यात असे: मदतीच्या कर्जात व्याज कमी, पण चलनाचा आणि विलंबाचा भार आपला; खासगी भांडवलात परतावा जास्त द्यावा लागतो, पण त्या बदल्यात तोटा त्यांनी घ्यायला हवा, आणि तो घेत नसतील तर जास्त परतावा द्यायचे कारणच नाही.

शेअर बाजारातल्या पैशाचे गणित आणखी वेगळे आहे. परदेशी संस्थांना आपला बाजार सप्टेंबर १९९२ मध्ये खुला झाला. त्यांनी दलाल स्ट्रीटवर विकत घेतलेला शेअर बहुधा आधीच कोणाच्या तरी हातात असतो, त्यामुळे त्या पैशाने थेट कारखाना उभा राहत नाही. पण भाव चढे असले की कंपनीला नवे भांडवल उभारणे सोपे जाते आणि जुन्या गुंतवणूकदाराला बाहेर पडता येते, एवढा त्याचा उपयोग खरा आहे. हा पैसा पळतो, यात चोरी नाही. पळण्याची मुभा हीच त्याच्या येण्याची अट असते. मार्च २०२० मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून सुमारे ६२ हजार कोटी काढले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९४ हजार कोटी. दुसरा आकडा कितीतरी मोठा असूनही घबराट पहिल्या वेळेइतकी नव्हती. मार्च २०२० ला महामारीची भीती होती हे खरेच, पण आणखी एक फरक होता: ऑक्टोबर २०२४ मध्ये नुसत्या एसआयपीतून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या योजनेतून, म्युच्युअल फंडांत २५ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. म्हणजे लंडन-सिंगापूरच्या फंडाने विकलेला शेअर डोंबिवली-ठाण्याच्या पगारदाराने, नकळत का होईना, विकत घेतला. तो भाव योग्य होता का, हा निराळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. पण पळत्या पैशाची धास्ती कमी करायची तर देशातली बचत बाजारात असणे हा मला दिसलेला सर्वांत उपयोगी इलाज आहे. दुसरा इलाज परकीय चलनाच्या गंगाजळीचा. १९९१ मध्ये अनिवासी भारतीयांच्या ठेवी परत जाऊ लागल्या आणि अल्प मुदतीची कर्जे कोणी नव्याने देईना, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशात गहाण ठेवायला पाठवावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर होती.

आता गरीब देशांनी बाजाराकडे वळावे का? मदत आटते आहे, हे खरे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठेवले होते. २०२४ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या मदतदार देशांची मदत ७ टक्क्यांनी घटून सुमारे २१२ अब्ज डॉलरवर आली, म्हणजे उत्पन्नाच्या ०.३३ टक्के. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली यूएसएड ही संस्थाच मोडीत काढली, आणि ब्रिटनने ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर येण्याचे जाहीर केले. या आकड्यांतही एक मेख आहे: आपल्यासारख्या देशाला दिलेल्या कर्जातला किती भाग मदत म्हणून मोजायचा, हे पुढच्या हप्त्यांचे आजचे मोल ७ टक्के दराने काढून ठरवतात, त्यामुळे ०.१ टक्क्याचे येन-कर्ज देणाऱ्याच्या वहीत भरघोस दान दिसते.

पण मदत आटली की तिची जागा खासगी पैसा घेईल, ही समजूत मला पटत नाही. खासगी पैसा भारत, ब्राझील, मेक्सिको अशा मोठ्या बाजारांत येतो. आफ्रिकेतल्या मलावीच्या लसीकरणात त्याला परतावा दिसत नाही. आणि जे मधल्या पायरीवरचे देश बाजाराकडे जातात त्यांचे काय होऊ शकते, हे शेजारी श्रीलंकेत दिसले. मध्यम उत्पन्नाचा देश झाल्यावर सवलतीची कर्जे कमी होत गेली, आणि २००७ मध्ये त्यांनी पहिले आंतरराष्ट्रीय रोखे काढले, ५० कोटी डॉलरचे, ८.२५ टक्क्यांनी. पुढे असे रोखे काढत काढत जुने फेडायचे ही सवय झाली. रोख्याचे मुद्दल एकाच दिवशी फेडायचे असते. आमच्या अंबरनाथच्या गृहस्थांसारखेच, फक्त देशाच्या मापाचे. आधी करकपात झाली, मग महामारीत पर्यटन आटले, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परकीय कर्जफेड थांबवली. त्या वर्षी भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचा आधार दिला, त्यात इंधन आणि औषधांसाठी कर्जाऊ रकमाही होत्या. जुन्या सावकारी सरकारांशी एका टेबलावर बसून बोलता येते. जगभर विखुरलेल्या रोखेधारकांशी तडजोड पूर्ण व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले. म्हणून माझे मत असे की ज्या देशाची करवसुली नियमित नाही आणि निर्यात एक-दोन वस्तूंवर टेकलेली आहे, त्याने डॉलर-रोख्यांचा मोह टाळावा, मग गुंतवणूक बँका कितीही गोड बोलोत. थेट गुंतवणूक जरूर बोलवावी, कारण कारखाना रात्रीतून विमानात घालून नेता येत नाही.

राहिला महापालिकेच्या पाण्याचा प्रश्न. 'जागतिक बँकेचे स्वस्त कर्ज' हे आता मनातून काढून टाका. भारत २०१४ मध्ये आयडीएच्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला. त्यानंतर मिळणारे कर्ज डॉलरच्या बाजारदराशी बांधलेले असते, आणि २०२३ च्या अखेरीस तो दरच पाच टक्क्यांच्या वर होता. त्यावर कव्हरचा खर्च धरला, तर देशातले कर्ज आणि हे कर्ज यांत फारसे अंतर उरत नाही. जपान किंवा जर्मनीकडून चांगल्या अटी मिळू शकतात, पण ते कर्ज केंद्र आणि राज्याच्या वाटेने येते, तयारीला वर्षे लागतात, आणि पाणीपट्टी तर रुपयांतच येते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी देशातच विकले, आणि केंद्राच्या अमृत योजनेतून त्यांना २६ कोटींचे प्रोत्साहन अनुदानही मिळाले. चलनाची चिठ्ठी नाही, आणि रोखे विकायचे म्हणून हिशेब आणि पतमानांकन आपोआप चव्हाट्यावर आले. परदेशी मदत घ्यायची असेल, तर ती गळती शोधण्याच्या तंत्रासाठी आणि मलनिस्सारणासारख्या ज्यातून कमाई होत नाही अशा कामासाठी घेणे अधिक सयुक्तिक वाटते, पण तुमच्या शहराची कागदपत्रे न पाहता मी याहून ठाम बोलणार नाही.

तुम्ही नगरसेवकाला किंवा महासभेला विचारणार असाल तर तीन कागद मागा: कर्ज कोणत्या चलनात आहे आणि घसरणीचा भार महापालिकेवर की राज्यावर, हे दाखवणारा करारातला भाग, शुद्धीकरण केंद्रातून सुटलेले पाणी आणि बिल लागलेले पाणी यांचा ताळमेळ, आणि गेल्या पाच वर्षांची पाणीपट्टीची मागणी व वसुली. यातला तिसरा कागद मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे, म्हणून अर्ज आधी त्याचा करावा.